तळघरातली पाचशे पोरं

सुखाचं गमक कशात असतं, यावरचं हार्वर्डच्या रॉबर्ट वॉल्डिंगर यांचं २०१५ सालचं भाषण तुमच्याही फोनवर कुणी ना कुणी पाठवलं असेल. ७२४ माणसांचा पाऊणशे वर्षं माग काढल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं, की उतारवयात माणूस सुखात आणि धडधाकट राहतो तो जिवाभावाच्या माणसांमुळे. भाषण ऐकताना डोळे पाणावले, पण मनात एक भलतीच शंका आली. ही ७२४ माणसं निवडली कुणी, आणि काय पाहून?

शोधत गेलो आणि थक्क झालो. त्यांतले २६८ जण हार्वर्डचे विद्यार्थी. उरलेले ४५६ बोस्टनच्या गरीब वस्त्यांत वाढलेले, आणि सुखाच्या अभ्यासाशी त्यांचा सुरुवातीला काडीचाही संबंध नव्हता. १९४० च्या सुमाराला ही शाळकरी मुलं निवडली गेली, कारण त्यांच्या नावावर गुन्ह्याची नोंद नव्हती. तुलनेसाठी ती हवी होती. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होती गुन्ह्यात सापडून सुधारगृहात गेलेली पाचशे मुलं. बिनगुन्ह्याच्या मुलांची गोष्ट जगभर पोचली. मला सांगायची आहे ती दुसऱ्या पारड्याची.

शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक हे नवरा-बायको. तो हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये प्राध्यापक. ती त्याच्या बरोबरीनं राबणारी. प्राध्यापकपद मात्र तिला अखेरपर्यंत मिळालं नाही. दोघांना पडलेला प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही आईला पडतो तोच होता: एकाच गल्लीत वाढलेली दोन पोरं, एक शाळेत जातं आणि दुसरं कुलपं फोडतं, हे होतं कसं? उत्तरासाठी त्यांनी जे केलं त्याची चिकाटी पाहून मी आजही अवाक होतो. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दोन सुधारगृहांतून, वेस्टबरोच्या लायमन स्कूलमधून आणि शर्लीच्या उद्योगशाळेतून, त्यांनी दहा ते सतरा वर्षांची पाचशे मुलं घेतली. मग त्यांतल्या एकेकासाठी बोस्टनच्या शाळांमधून एकेक जोडीदार शोधला. वय जुळलं पाहिजे, बुद्ध्यंक जुळला पाहिजे, आईबापांचं मूळ जुळलं पाहिजे, वस्तीही तितकीच गरीब पाहिजे. असा जोडीदार पाचशे वेळा शोधला. सुखाच्या अभ्यासातले ते ४५६ जण याच जोडीदारांतले.

त्यानंतर त्यांची माणसं घराघरांत गेली. आईशी बोलली, बापाशी बोलली, शिक्षकांना भेटली, पोलिसांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या वह्या चाळल्या. पोरगं संध्याकाळी कुठे असतं हे आईला ठाऊक असतं का? बाप मारतो तेव्हा कारणानं मारतो की लहर फिरली की मारतो? घर किती वेळा बदललं? डॉक्टरांनी मुलांना तपासलं, मानसतज्ज्ञांनी शाईचे डाग दाखवून काय दिसतं ते विचारलं. यात एक गोष्ट मला सलते: मुलांचे उघड्या अंगाचे फोटो काढून त्यांच्या हाडापेराची मापं घेतली गेली, आणि पिळदार बांध्याची मुलं गुन्ह्याकडे अधिक वळतात असा निष्कर्षही मांडला गेला. ती मुलं नाही म्हणायच्या स्थितीत नव्हती. सगळी मुलं गोरी होती, सगळे मुलगे होते, हेही लक्षात ठेवायला हवं. मुलींविषयी आणि काळ्या मुलांविषयी या अभ्यासाकडून फार काही मागता येणार नाही.

१९५० साली त्यांचा ग्रंथ आला. मुलं पंचविशीला पोचली तेव्हा आणि पुन्हा बत्तिशीला पोचली तेव्हा त्यांना गाठलं गेलं. ग्लुक दांपत्याची ठाम धारणा होती की पोर लहान असतानाच पुढचं भविष्य वर्तवता येईल. त्यासाठी त्यांनी कोष्टकं तयार केली: आईचं लक्ष किती, बापाची शिस्त कशी, घरात जिव्हाळा किती. गुण मांडा, बेरीज करा, पोरगं कुठे जाणार ते सांगा. समाजशास्त्रज्ञांनी यावर झोड उठवली, वाद झाले आणि हळूहळू ग्लुक हे नाव मागे पडलं. १९७२ मध्ये एलिनॉर गेली. त्याच वर्षी सगळे कागद खोक्यांत भरून हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात रवाना झाले.

तिथे ती हजार बालपणं तेरा वर्षं धूळ खात पडली.

१९८५ मध्ये जॉन लाउब नावाचा तरुण गुन्हेशास्त्रज्ञ त्या तळघरात उतरला. खोकी उघडली तर आत हस्तलिखित मुलाखती, शाळेचे शेरे, तुरुंगाच्या नोंदी. तोवर यंत्रांचा जमाना आला होता, पण यातलं काहीच यंत्राला वाचता येत नव्हतं. लाउब आणि त्याचा मित्र रॉबर्ट सॅम्पसन यांनी ते सगळं पुन्हा वाचलं, पुन्हा मांडलं, संगणकात घातलं. काही वर्षं यातच गेली. १९९३ मध्ये पहिलं पुस्तक झालं. आणि मग त्यांना वेड्यासारखी कल्पना सुचली: ही पोरं आता साठी-सत्तरीला आली असतील, त्यांना शोधू या!

पाचशे जणांच्या गुन्ह्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि बावन्न जणांना प्रत्यक्ष गाठलं. शेवटची भेट झाली तेव्हा बत्तीस वर्षांचे असलेले ते आता आजोबा झाले होते. सातव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत गुन्ह्याचा माग काढणारा इतका लांब पल्ल्याचा दुसरा अभ्यास मला ठाऊक नाही.

आधी वाईट बातमी, कारण ती खरी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. लहानपणीच्या गुन्ह्याची सावली लांब पडते. या पाचशे जणांत पुढे अटक होणं, सैन्यातून बेअब्रूनं काढलं जाणं, नोकरी न टिकणं, संसार मोडणं, दारू, सरकारी मदतीवर जगणं हे सगळं जोडीदार मुलांपेक्षा कितीतरी जास्त होतं. वयाच्या पासष्टीपर्यंत त्यांच्यातले शंभरातले २९ जण मरण पावले होते. जोडीदार मुलांत २१. अपघात, मारामारी, आत्महत्या अशा अकाली मरणांचं प्रमाण तर सुमारे दुप्पट. गल्ली एक, बुद्ध्यंक एक, तरी हा फरक.

पण ही सावली पडते कशामुळे? पोराच्या आतच काही वाकडं असतं आणि तेच जन्मभर बाहेर येत राहतं, की आणखी काही घडतं? सॅम्पसन आणि लाउब यांनी कागद पिंजून काढले तेव्हा एक साखळी दिसली. पोरगं जितके दिवस कोठडीत किंवा सुधारगृहात काढतं, तितकी पुढे त्याची नोकरी कमी टिकते. तेवढ्याच गुन्ह्यांची, तेवढ्याच दारूची मुलं शेजारी ठेवून पाहिलं तरी हे दिसतं. नोकरी टिकत नाही म्हणून संसार डळमळतो, संसार नाही म्हणून जुने सोबती सुटत नाहीत, आणि जुने सोबती पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभे असतात. ग्लुकांच्या पाचशेतल्या जवळजवळ सगळ्यांचे दोस्त त्याच वाटेवरचे होते. एकेक दार बंद होत जातं, आणि बंद झालेलं दार पुढच्या दाराला कडी घालतं.

हे वाचताना मला आमची चाळ आठवत राहिली. गिरणी संपानंतरची वर्षं. आमच्या मजल्यावर एका कुटुंबात तीन भाऊ आणि एक बहीण होती. त्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला सगळे मधला म्हणायचे. त्यानं आणखी दोघांच्या नादानं एक सायकल उचलली आणि किरकोळ पैशांना विकली. हवालदार जिना चढून आला तेव्हा अख्खी गॅलरी बाहेर उभी होती. मधला काही महिने रिमांड होममध्ये राहून परतला. त्याला झालेली शिक्षा एवढीच. पण त्याच्या आईनं पाण्याच्या रांगेत सगळ्यांत शेवटी यायला सुरुवात केली, आणि नळ जायच्या वेळेला तिचा हंडा अर्धाच भरलेला असायचा. मंडळाच्या वर्गणीचं पुस्तक बरीच वर्षं त्याच्या वडिलांकडे असायचं. त्या वर्षी ते दुसऱ्याकडे गेलं. कुणी काही बोललं नाही. ताईला पाहायला गावाकडून आलेले पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच, निरोप आलाच नाही. धाकट्याच्या वर्गात पेन्सिल हरवली तरी दप्तर आधी त्याचंच उघडलं जायचं. आणि सायकल ज्याची होती तो पहाटे घरोघर पाव टाकणारा माणूस; पुढचे कित्येक आठवडे पावांची पेटी डोक्यावर घेऊन तो पायी फिरला. त्याच्या टाचा भेगाळलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याचं नुकसान भरून कुणी दिलं नाही, विचारलंही नाही.

बोस्टनच्या खोक्यांत हा पाववाला नाही. अभ्यास पोरांचा होता. ज्यांच्या दुकानाचं कुलूप फुटलं, ज्यांचं पाकीट गेलं, त्यांची बाजू मांडायला तो निघालाच नव्हता. मला ही या अभ्यासातली सर्वांत मोठी रिकामी जागा वाटते.

आता खोक्यांतून निघालेली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला. पाचशे जणांची सुरुवात जवळपास सारखी होती. तीच गरिबी, तेच सुधारगृह. पण वयाबरोबर गुन्हे कमी होत गेले, आणि ते सगळ्यांचेच गेले. सर्वांत जास्त गुन्हे करणाऱ्यांचेसुद्धा! चोऱ्या आधी थांबल्या, हाणामाऱ्या त्यानंतर, दारूच्या पायी होणारी लफडी सर्वांत शेवटी. बेल्जियमच्या अडॉल्फ केतले यांनी १८३१ मध्येच फ्रान्सचे आकडे पाहून सांगितलं होतं की गुन्हेगारी तरुणपणी उसळते आणि मग ओसरते. पण अख्ख्या घोळक्याचा आलेख उतरणं वेगळं आणि एकेका दांडगट माणसाचा उतरताना पाहणं वेगळं. कोण तिशीत थांबणार, कोण पन्नाशीत, हे ग्लुकांची कोष्टकं सांगू शकली नाहीत. बुद्ध्यंक, स्वभाव, घर, बालपणीची सगळी मापं हाताशी असूनही कुणाला सांगता आलं नाही. इतकं मोजलेली मुलं जगात क्वचितच असतील, आणि तीही मोजणाऱ्यांच्या हातातून निसटली. मला यात विलक्षण दिलासा वाटतो.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या अभ्यासातून टेरी मॉफिट यांनी थोडं वेगळं चित्र मांडलं: बहुतेक मुलांचा वाह्यातपणा वयापुरता असतो, आणि एक लहान गट मात्र जन्मभर तसाच राहतो. सॅम्पसन-लाउब यांना तो वेगळा गट सापडला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, पण एका बाबतीत दोन्ही बाजू जवळ येतात. वयापुरतं भरकटलेलं पोरगंसुद्धा फाशात अडकू शकतं. शाळा सुटते, व्यसन लागतं, पोलिसांत नाव चढतं. उधाण ओसरतं, फास तसाच राहतो.

मग सुटले ते कशामुळे सुटले? नोकरी, सैन्यात भरती, दुसऱ्या गावी बिऱ्हाड, आणि लग्न. एकाच माणसाची लग्नातली वर्षं आणि लग्नाबाहेरची वर्षं शेजारी ठेवून पाहिली, तर लग्नाच्या काळात त्याच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता सरासरी ३५ टक्क्यांनी कमी दिसली. आपल्याकडची पिढीजात समजूत आठवली ना? दोनाचे चार हात करा, आपोआप सुधारेल! पण कागद नीट वाचले तर गंमत वेगळी आहे. उपयोग होत होता तो दिनक्रम बदलण्याचा. संध्याकाळी सहा वाजता घरी कुणीतरी वाट पाहतं. मित्रांच्या टोळक्याऐवजी सासुरवाडीत उठबस होते. घर बदलतं, पोर होतं, हप्ता भरायचा असतो. पुष्कळांनी सुधारायचं असं कधी ठरवलंच नव्हतं. एक दिवस मागे वळून पाहिलं तर जुनं आयुष्य कुठेतरी मागे राहून गेलं होतं. आणि ३५ टक्क्यांचा आकडा ही सरासरी आहे. त्या सरासरीत ज्यांचे नवरे सुधारले नाहीत त्या बायकांनी काय सोसलं ते दिसत नाही. कुणाच्या लेकीला सुधारगृह म्हणून वापरावं असा याचा अर्थ कुणी काढू नये, हे मी कळवळून सांगतो. सहा वाजता वाट पाहणारं माणूस गॅरेजचा मालक असू शकतो, तालमीचा वस्ताद असू शकतो, रात्रशाळेचे सर असू शकतात.

सुधारगृहाविषयी त्या म्हाताऱ्यांनी जे सांगितलं ते एकसुरी नाही. काहींना लायमनमध्ये पहिल्यांदा वेळेवर जेवण आणि शिस्त मिळाली. काहींच्या आठवणीत तिथला मारच तेवढा राहिला. लायमन हे अमेरिकेतलं राज्य सरकारनं चालवलेलं पहिलं सुधारगृह, १८४८ मध्ये उघडलेलं. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून आपल्याकडची सुधारशाळा उभी राहिली. म्हणजे मुलाला तुरुंगात टाकू नये, हा विचार दोन समुद्रांपलीकडच्या दोन ठिकाणी जवळपास एकाच काळात रुजला. आपला मुंबई बाल अधिनियम १९२४ चा. लायमनला टाळं लागलं ते १९७२ च्या जानेवारीत: जेरोम मिलर नावाच्या अधिकाऱ्यानं मुलं गाड्यांत बसवली आणि थेट ॲमहर्स्टच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांबरोबर राहायला नेली. ज्या वर्षी ग्लुकांची खोकी तळघरात गेली, त्याच वर्षी त्या खोक्यांतल्या मुलांचं सुधारगृह रिकामं झालं.

खोक्यांवरून आपल्या कायद्यातलं एक कलम आठवतं. वर्तमानपत्रात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा जडजंबाल शब्द वाचून मीही पूर्वी कपाळाला आठ्या घालायचो. आता घालत नाही. मुलाला गुन्हेगार म्हणायचं नाही, कायद्याशी त्याची झटापट झाली एवढंच म्हणायचं, असा तो शब्द सांगतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात 'नव्यानं सुरुवात' हे एक तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे. मुलाची ओळख छापायची नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही ती नोंद उघड करायची नाही. आणि कलम २४ तर म्हणतं की अपिलाची मुदत संपली किंवा वाजवी काळ लोटला की दोषी ठरल्याचे कागद नष्टच करायचे. सोळा वर्षांवरील मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे दोषी ठरवलं असेल, तर ही सवलत नाही. पण बाकीच्यांसाठी कायदाच सांगतो: फाडून टाका, जाळून टाका.

कागद जपले गेले म्हणून कळलं की कागद पुसले जाणं किती गरजेचं आहे. हा पेच मनात आला की मी बराच वेळ तसाच बसून राहतो. पाचशे पोरांची दप्तरं कुणी जाळली असती, तर बंद दारांची ती साखळी कुणाला दिसलीच नसती. आणि त्या पाचशेंपैकी ज्याला त्याला मात्र मनापासून हवं असणार ते हेच, की आपलं दप्तर कुणीतरी जाळावं.

सत्तरीच्या त्या माणसांपुढे लाउब आणि सॅम्पसन एक तक्ता ठेवायचे. एका बाजूला वर्षं, दुसऱ्या बाजूला रकाने: कुठे राहिलात, काय काम केलंत, लग्न, मुलं, सैन्य, अटक, तुरुंग. म्हातारबुवा आठवून आठवून एकेक घर भरत जायचे.

आमच्या मधल्याचा तक्ता मी कधीकधी मनात मांडतो. पंधरावं वर्ष, सायकल. त्याच रकान्यात पावांची पेटी डोक्यावर घेतलेला एक माणूसही लिहावा लागतो. सोळावं वर्ष, रिमांड होममधून घरी. त्यासमोर 'सोमवारपासून ये' म्हणालेला आणि सोमवारी 'जागा भरली रे' म्हणालेला गॅरेजवाला. त्यासमोर वर्गणीचं पुस्तक. त्यासमोर दुसऱ्या दिवाळीला आमच्या घरून मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांमध्ये गेलेली फराळाची ताटं. मी मोजून नेली होती, आणि त्यांच्या दारासमोरून पुढे गेलो होतो.